जाहिरात नव्हे, अॅप्स कमी पडतात

नवी मोबाइल प्रणाली (फोनची ऑपरेटिंग सिस्टिम) आली तरी लोक थंडच राहतात, कारण जाहिरात कमी पडते, हे मत मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टने जाहिरातीत कसूर केली नव्हती. २०१० साली आलेला विंडोज फोन ७ देखणा होता, साध्या हार्डवेअरवरही झरझर चालायचा. त्याची पडद्यावरची मांडणी मला आजही फार आवडते. पण इन्स्टाग्राम तिथे पोचायला २०१३ उजाडलं, तेही बीटा, म्हणजे चाचणीच्या स्वरूपात. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेलं यूट्यूब अॅप गूगलने बंद पाडलं. वापरणारे कमी म्हणून डेव्हलपर येत नाहीत आणि अॅप्स नाहीत म्हणून वापरणारे फिरकत नाहीत.

यावर अँड्रॉइडचीच अॅप्स चालवायची, हा उपाय ब्लॅकबेरी कंपनीच्या ब्लॅकबेरी १० या प्रणालीने करून पाहिला. मग त्या प्रणालीसाठी वेगळं अॅप लिहायला डेव्हलपरला कारणच उरत नाही, आणि ग्राहक म्हणतो, मग अँड्रॉइडच का नको?

दुसरं म्हणजे २००७ च्या आयफोनने डोळ्यांना दिसणारा बदल केला होता. आता सुधारणा होतात त्या कर्नेल (प्रणालीचा गाभा), अॅप्सना द्यायच्या परवानग्या, बॅटरीचं नियोजन यांत. महत्त्वाच्या आहेत, पण दुकानात फोन हातात घेतल्यावर दिसत नाहीत. उलट चॅट, फोटो, विकत घेतलेली अॅप्स हलवायचा त्रास मात्र लगेच डोळ्यांपुढे येतो. शिवाय फोनला गूगलची पडताळणी, म्हणजे तो सुरक्षित असल्याची मान्यता, नसेल तर बँकांची कित्येक अॅप्स उघडतच नाहीत.

अपवाद एकच: हुआवे या चिनी कंपनीच्या हार्मनीओएस या प्रणालीला चीनमध्ये डेव्हलपर मिळाले, कारण २०१९ च्या अमेरिकी निर्बंधांमुळे नव्या फोनवर गूगलच्या सेवा देता येईनात, तेव्हा कंपनीला दुसरा मार्गच नव्हता आणि ग्राहक आधीपासून होते.