डॉस ६.२२: डिस्प्ले ड्रायव्हरांचं भांडण

नमस्कार मंडळी,

जुन्या ४८६ पीसीवर डॉस ६.२२ (कमांड टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम) घातलंय. ग्राफिक्स कार्डाबरोबर आलेला व्हेसा (ग्राफिक्सच्या सामायिक मानकाचा) ड्रायव्हर, तेच काम कुठल्याही कार्डासाठी करणारा युनिव्हीबीई आणि स्क्रीनचा फाँट बदलणारा एक छोटा टीएसआर (मेमरीत बसून राहणारा प्रोग्राम), असे तिघे मशीन चालू होताना ऑटोएक्झेक.बॅट या फाइलमधून चढतात. एकेकटे गुण्यागोविंदाने चालतात. तिघे एकत्र आले की ग्राफिक्सच्या प्रोग्राममधून बाहेर पडताना फाँट जातो, आणि अधूनमधून स्क्रीन काळी पडून मशीन गपगार. ओळींचा क्रम बदलून बदलून कंटाळलो. काका, काही सुचतंय?

----

> ओळींचा क्रम बदलून बदलून कंटाळलो

अरे, क्रमाला हात लावण्याआधी भांडण कशावरून आहे ते तर बघ. बहुतेक वेळा ते इंटरप्ट १०एच वरून असतं (स्क्रीनचं काम सांगायला प्रोग्राम याच दारावर हाक मारतात), नाहीतर मेमरीतल्या जागेवरून. कॉन्फिग.सिस या सेटिंगच्या फाइलमध्ये ईएमएम३८६ (मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर) च्या ओळीआधी रेम लिही, म्हणजे ती ओळ बंद होईल, आणि मशीन पुन्हा चालू कर. त्रास गेला तर जागेचा संशय घे. तसाच राहिला आणि क्रमाप्रमाणे रूप बदलत असेल, तर इंटरप्ट.

माझा कौल इंटरप्टला. प्रत्येक टीएसआर चढताना १०एच चा जुना पत्ता स्वतःजवळ ठेवतो आणि तिथे आपला पत्ता लिहितो. म्हणून शेवटी चढलेला सगळ्यात आधी ऐकतो. त्याला न कळलेलं खालच्याकडे जातं. तुझ्याकडे ‘व्हेसा आहे का?’ (४एफ००एच) याला ‘हो’ म्हणणारे दोघे बसलेत. एका प्रश्नाचं उत्तर वरच्याने दिलं, दुसऱ्याचं खालच्याने, तर ती जुळणार कशी? कार्डाचा ड्रायव्हर काढून टाक. युनिव्हीबीई असताना त्याचं काही काम नाही.

फाँटचं दुखणं वेगळं आहे. टेक्स्ट मोड नव्याने लावला की बायॉस (कार्डातला कायमचा प्रोग्राम) रॉममधला फाँट पुन्हा भरतो. फाँटचा टीएसआर मोड बदलण्याच्या जुन्या कॉलवर (फंक्शन शून्य) कान लावून असतो. प्रोग्रामने तेच काम व्हेसाच्या ४एफ०२एच या कॉलमधून केलं तर त्याला पत्ताच लागत नाही. बॅच फाइलमध्ये प्रोग्रामनंतर ‘मोड सीओ८०’ (रंगीत टेक्स्ट मोड पुन्हा लावणारी कमांड) अशी ओळ टाकून बघ.

----

काकांच्या मेलला एक जोड. टीएसआर मेमरीतून काढायचे तर चढवल्याच्या उलट क्रमाने काढ. मधला जबरदस्तीने काढलास तर वरच्याजवळचा जुना पत्ता रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो, आणि पुढच्याच कॉलला मशीन लटकतं. नीट लिहिलेला टीएसआर अशा वेळी निघायलाच नकार देतो. तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस.

आणि मेममेकर (डॉसबरोबर येणारा, मेमरी मोकळी करून देणारा प्रोग्राम) चालवला होतास का? कस्टम सेटअपमध्ये तो मोनोक्रोमची (एकरंगी डिस्प्लेसाठी राखलेली) मेमरीतली जागा वापरू का असं विचारतो.

----

काका, ताई, आभार. ईएमएम३८६ बंद ठेवूनही फाँट जातच होता, म्हणजे कौल बरोबर. कार्डाचा ड्रायव्हर काढल्यापासून स्क्रीन काळी पडलेली नाही, आणि ‘मोड सीओ८०’ ने फाँट परत येतो.

> मेममेकर चालवला होतास का?

हो, आणि ईएमएम३८६ च्या ओळीत आय=बी०००-बी७एफएफ (म्हणजे तीच मोनोक्रोमची जागा वापरात घे) दिसतंय. काढू का?

----

त्रास नसेल तर राहू दे. रंगीत व्हीजीएला टेक्स्टसाठी बी८०० पासूनची जागा लागते, त्यामुळे त्याआधीचे, बी००० पासूनचे ३२ केबी सहसा मोकळेच असतात. काही एसव्हीजीए कार्डं मात्र तीही जागा वापरतात. हाय रेझोल्यूशनला कचरा दिसला तर आय च्या जागी एक्स कर, म्हणजे ईएमएम३८६ ती जागा सोडून देईल. विंडोज ३.१ घालणार असशील तर सिस्टिम.आयएनआयच्या ३८६ एन्हान्स्ड विभागात मोनोयूएमबी२.३८६ ची डिव्हाइस ओळ लागेल, नाहीतर ते एन्हान्स्ड मोडमध्ये उघडताना कुरकुर करेल.