ओसाकात आईला उत्सुबो पार्कला नेऊ का?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): मे मध्ये भावाकडे ओसाकाला चाललोय, आई आणि मुलगा सोबत. घर होम्माची स्टेशनजवळ आहे, तो म्हणतो उत्सुबो पार्क जवळच आहे, पण आपल्या जॉगिंग ट्रॅकसारखंच असेल तर आईचे गुडघे कशाला दुखवू? तिकीट असतं का?

पंचवटीकर: दादा, नक्की न्या! तिकीट नाही. पार्क पूर्व-पश्चिम असं लांबच लांब आहे, मधून मोठा रस्ता जातो, पूर्वेला गुलाबबाग, पश्चिमेला टेनिस कोर्ट. लांब कशामुळे, तर युद्धानंतर तिथे अमेरिकन सैन्याची धावपट्टी होती, १९५५ ला पार्क झालं, आणि त्याच्याही आधी सुक्या मासळीचा बाजार! मे मध्ये गुलाब भरात असतात, माझ्या सासूबाई बाकावरून उठायलाच तयार नव्हत्या, म्हणे आपलं नाशिक गुलशनाबाद होतं तेव्हा असंच असेल.

सिडकोवाली: कचऱ्याला पिशवी ठेवा हं, तिकडे पार्कात डबे फारसे नसतात, आपला कचरा आपणच घरी न्यायचा. मला ही सवय फार आवडली, गोदाकाठी पण लागायला हवी.

प्रश्नकर्ता: ताई, दादा, आभार. आईला गुलाबाचं सांगितलं, ती आत्तापासूनच तयार आहे.