रानातली फुरसत आणि पिशवीतलं सामान : अनुभव धागा

राजेहो, वावराचं काम आटोपल्यावर किंवा सुटीच्या दिवशी तुम्ही रानात, तळ्यावर, नदीवर, डोंगरात कशासाठी जाता आणि जाताना सोबत काय नेता, ते इथे सांगा. गरी टाकणारे, पक्षी पाहणारे, सायकल दामटणारे, रानभाजी धुंडाळणारे, नुसतेच धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसणारे, सगळ्यांनी लिहा.

भटकंतीबद्दल आपल्याला वाचायला मिळतं ते बहुतेक सह्याद्रीच्या किल्ल्यांचं, नाहीतर हिमालयाचं. तिथल्या सामानाची यादी आपल्या विदर्भात चालत नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पावसाळ्यात काळी माती जोड्याला चिकटून पाय उचलवत नाही. बाभळीचा काटा जाड तळव्यातून आत शिरतो आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांत झुडपामागे वाघ असू शकतो. अशा रानात पिढ्यानपिढ्या वावरलेल्या माणसांनी आपलं सामान आपणच घडवलं आहे. दुकानात जायच्या आधी ते नीट पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मीच करतो. माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे छागल, जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. कापडातून पाणी थोडं थोडं पाझरतं, कोरड्या वाऱ्यात उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. नवी छागल आधी रात्रभर भिजवायची, म्हणजे धागे फुगून गळती कमी होते. ती गाडीला बाहेरून, वारा लागेल अशी टांगायची, डिक्कीत ठेवली तर उपयोग नाही. तिचा खरा मोसम उन्हाळा. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा पाणी गार होत नाही.

एक विनंती आहे, शिकारीचे किस्से नकोत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. आता तुम्ही लिहा.

साकोली तालुका, भंडारा

मी गरीवाला. रविवारी पहाटे गावच्या तलावावर जातो. तलाव मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला, असे हजारो तलाव आमच्या पूर्व विदर्भात आहेत. हा तलाव मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने आहे, म्हणून हौशी लोकांनी कुठे बसायचं हे सोसायटीच्या लोकांना विचारूनच ठरवलं आहे. न विचारता गरी टाकू नका. ढिवर भावांचं पोट त्या पाण्यावर चालतं.

सामान थोडंच. बांबूची लवचीक काठी, सावलीत वाळवून आणि विस्तवावर शेकून सरळ केलेली. तंगूस (नायलॉनचा दोरा), दोन-तीन मापांच्या गऱ्या, आणि पाण्यावर तरंगायला सनकाडीचा बोटभर तुकडा. गांडुळं ओल्या मातीसकट डब्यात ठेवतो, झाकणाला भोकं पाडलेली. माझ्या साळ्याने रीळवाली फायबरची काठी आणली आहे. वैनगंगेच्या मोकळ्या पात्रात लांब फेकायला ती फार कामाची. पण आमच्या तळ्यात कमळाचे वेल आणि गवत, तिथे लांबून ओढत आणलेली गरी हमखास अडकते. बांबूच्या काठीने मासा वेलांच्या वरून सरळ उचलता येतो. पाणी पाहून काठी निवडा, किंमत पाहून नको.

मरळीबद्दल मात्र थोडं जास्त लिहितो, कारण ती माझी आवडती. मरळ हवा घ्यायला वर येते. एक हलकासा 'पुचुक' आवाज, पाण्यावर गोल लहर, आणि ती पुन्हा खाली. कान तयार झाला की न पाहता जागा कळते. पावसाळ्यात तिच्या लालसर-नारिंगी पिलांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात उकळल्यासारखा हलताना दिसतो. त्याच्या खाली मायबाप राखणीला असतात. अशा वेळी मरळ गरीला झटकन लागते, कारण पिलांजवळ आलेल्या कशावरही ती धावून जाते. तेव्हा तिला पकडू नका, हात जोडून सांगतो. राखणदार गेला की बगळे आणि दुसरे मासे पिलांचा फडशा पाडतात. आमच्या तलावाच्या पाळीवरून थवा दिसला की पोट्टे एकमेकांना ओरडून सांगतात आणि सगळे दुसऱ्या कोपऱ्यात सरकतात. हे कोणत्या कायद्याने शिकवलं नाही, आमच्या म्हाताऱ्यांनी शिकवलं.

देवलापारजवळ, नागपूर जिल्हा

आमचं गाव पेंचच्या काठावर. २०२४ मध्ये महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखलेली जागा, ठरला. त्यासाठी आसपासच्या काही गावांत रस्त्यावरचे दिवे बदलले, उजेड जमिनीकडे पडेल असे बसवले. त्याआधीही आम्ही उन्हाळ्यात अंगणात बाजा (खाटा) टाकूनच झोपत होतो. आजीने सप्तर्षी दाखवले ते 'बुढीची बाज' म्हणून. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. तिथून लागलेला नाद सुटला नाही.

माझ्याकडे १० बाय ५० ची दुर्बीण आहे. तिच्यातून कृत्तिकांचा पुंजका भरगच्च दिसतो, मृगाच्या तलवारीतला धूसर ठिपका दिसतो. दुर्बीण काठीवर टेकवून हात स्थिर केला तर गुरूचे चंद्रही दिसतात. नोव्हेंबरच्या संध्याकाळी डोक्यावर देवयानीची दीर्घिका नुसत्या डोळ्यांनीही फिकट डागासारखी ओळखू येते. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक उजेड ते सगळं घालवतो. म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबराने बांधून टाका. उल्का पाहायच्या तर डिसेंबरची १३-१४ तारीख धरा. ऑगस्टच्या उल्कावर्षावाची जगभर चर्चा असते, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात.

हे सगळं छतावरून किंवा अंगणातून. अंधार चांगला मिळतो म्हणून रात्री एकटे वावरात जाऊ नका, आमच्या भागात बिबट फिरतो.

यवतमाळ जिल्हा

वरच्या भाऊंना विचारतो, दुर्बीण एकच घ्यायची असेल आणि पक्षीही पाहायचे असतील तर कोणती घ्यावी?

अर्जुनी मोरगाव, गोंदिया

मी सांगतो, कारण नवेगाव बांध आमच्या शेजारी आणि माझा सगळा हिवाळा त्याच्या काठावर जातो. एकच घ्यायची तर ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० बाय ५० जास्त जड, आणि पट वाढली की हाताचा कंपही वाढतो, उडता पक्षी सापडत नाही. पहाटेच्या कमी उजेडात दोन्ही जवळपास सारख्याच चालतात, कारण व्यासाला पटीने भागलं की दोन्हीकडे पाचच्या आसपास येतं. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडतात की नाही ते दुकानातच पाहा. आणि दुर्बिणीचा पट्टा रुंद घ्या. बारीक पट्टा दुपारपर्यंत मान कापतो.

हिवाळ्यात आमच्याकडे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक येतात. विदर्भातल्या कितीतरी तळ्यांवर पट्टकादंब हंस उतरतात, हिमालय ओलांडून आलेले. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो, नव्या माणसाने तेव्हा सुरुवात करावी. सोबत जाणती माणसं मिळतात.

पण आमचं खरं धन म्हणजे सारस. उभा राहिला की माणसाएवढा, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच. महाराष्ट्रात तो गोंदिया आणि त्याच्या लगतच्या भागातच उरला आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीतच, म्हणजे खाचरातच, घरटं करतो. बांधीच्या मधोमध धान दाबून केलेलं ते घरटं सांभाळायचं म्हणजे कास्तकाराने तेवढं पीक सोडायचं. तसं सोडणारे कास्तकार मी पाहिले आहेत, आणि माझ्या लेखी या भागातले सगळ्यात मोठे पक्षीप्रेमी तेच. घरट्याचा फोटो टाकायचा असेल तर जागा लिहू नका. धुऱ्यावरूनच पाहा. जोडी मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागली की तुम्ही जास्त जवळ गेलात, मागे फिरा.

आर्वी तालुका, वर्धा

इथे सगळे भाऊच लिहीत आहेत म्हणून मी लिहिते. आमचा छंद रोडग्यांचा. हिवाळ्यात आम्ही जावा-नणंदा, पोरंसोरं मिळून गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळाजवळ जातो. गव्हाचं जाडसर पीठ, घडीच्या पोटात तेल, आणि वरून गोल वळलेले गोळे. गोवऱ्या आधी पूर्ण पेटू द्यायच्या. धूर बंद होऊन लाल निखारा झाला की मगच रोडगे घालायचे, नाहीतर धुराचा वास पिठात बसतो. वरून गरम राख ओढायची. भाजले की जुन्या सुती कापडात घेऊन झटकायचे, फोडायचे आणि तूप सोडायचं. सोबत वांग्याची रस्साभाजी आणि वरण. पानगे, म्हणजे पानात गुंडाळून भाजलेले, करायचे तर पळसाची पानं पाहिजेत, ती जाताना वाटेतच तोडतो.

सामान म्हणाल तर मोठी परात, लांब चिमटा, कापड आणि माचिस पॉलिथिनमध्ये गुंडाळून. पाणी सगळ्यात शेवटी लागतं आणि सगळ्यात जास्त लागतं, विस्तव विझवायला. उन्हाळ्यात आम्ही बाहेर चूल पेटवत नाही. फेब्रुवारीनंतर पानगळ झालेल्या रानात एक ठिणगी पुरे.

सिंदेवाही तालुका, चंद्रपूर

वरचे अनुभव वाचून आनंद झाला, पण आमच्या इकडची गोष्टही इथे असायला पाहिजे. मोहफूल रात्री आणि पहाटे पडतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये आमची माणसं दिवस उगवायच्या आधीच झाडाखाली जायची. ते काम होतं आणि सुखही होतं. अख्ख्या रानात मोहाचा गोड वास, बाया गाणी म्हणत वेचायच्या. आता वाघ वाढले आहेत आणि मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना आमची माणसं मेली आहेत. वाकलेल्या किंवा उकिडवं बसलेल्या माणसाला वाघ जनावर समजण्याचा धोका असतो.

आम्ही रान सोडलं नाही, पण पद्धत बदलली. चांगलं उजाडल्यावर, चार-पाच जण मिळून आणि मोठ्याने बोलत जातो. वेचणाऱ्यांच्या बाजूला एकजण काठी घेऊन उभाच राहतो, तो वेचत नाही. कानात इअरफोन घालून रानात फिरणारे पाहुणे दिसतात, त्यांना मी हात धरून थांबवतो.

पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, शोधायला गेल्याशिवाय मात्र मन राहत नाही. वारुळाच्या आसपास ढग गरजल्यावर त्या उगवतात असं म्हातारे म्हणतात. त्यांचा देठ जमिनीत खोल वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. ही बुरशी वाळवीच पोसते, म्हणून तिची शेती माणसाला अजून जमत नाही. ओळखणारी बुढी सोबत असल्याशिवाय एकही सात्या तोडू नका. फोटो पाहून ओळखायची ही वस्तू नाही.

मेहकर तालुका, बुलडाणा

सायकल. लोणार जवळ असल्यामुळे सकाळी निघून विवराच्या काठावर नाश्ता करायचा हा नेम. काठावरून खाली पाहिलं की जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद खड्डा एका नजरेत मावत नाही.

पश्चिम विदर्भात सायकलीचे दोन वैरी, वेडी बाभूळ आणि काळी माती. काट्यासाठी जुनी ट्यूब उभी कापून टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये अस्तरासारखी घालतो. चाक जड होतं, पण पंक्चर फार कमी होतं. मातीवर एकच इलाज, पाऊस पडून गेल्यावर पांदणीने जायचं नाही. चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती भरली की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हवेचा पंप, दोन ट्यूब आणि गुळ-फुटाणे एवढं असलं की मी निघतो.

नरखेड तालुका, नागपूर

आमच्या इकडे ट्रेकिंग हा शब्द यायच्या आधीपासून गावंच्या गावं डोंगर चढतात. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर त्रिशूळ खांद्यावर घेऊन, आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला. नागद्वारची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि वर्षातून तेवढेच काही दिवस उघडते. ऐन पावसात, निसरड्या दगडांवरून, लोखंडी शिड्यांवरून हजारो माणसं जातात. 'हर बोला महादेव' म्हणत साठीच्या बाया पोरांना मागे टाकतात.

माझी पिशवी त्या बायांना पाहूनच ठरली. मेणकापडाचा मोठा तुकडा, जो अंगावर रेनकोट आणि रात्री अंथरूण. बांबूची काठी, खालच्या टोकाला लोखंडी टोपण ठोकलेलं. सुती शेला, कारण तो घाम पुसतो, थंडीत कान झाकतो आणि पाय मुरगळला तर पट्टी होतो. तिखट-मिठाच्या दशम्या दोन दिवस टिकतात. जीन्स घालून येऊ नका, ओली झाली की जड होते आणि मांड्या सोलून काढते. जोडे नवे नकोत. महिनाभर वावरात घालून पायाला बसवलेले कॅनव्हासचे जोडे सगळ्यात चांगले. आणि मंडळात कोणी दमलं तर त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं, हा तिथला नियम आहे. पुढे पळून वर वाट पाहत बसणाऱ्याला आमच्या मंडळात पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही.