मदत हवी: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात छोटं काजू युनिट, प्रकल्प अहवालासाठी आकडेवारी कुठून घ्यावी?

वाळपईकर
वाळपईजवळ काजू प्रक्रिया युनिट घालायचं आहे. रोज १०० किलो सुकी बी, वर्षाचे ३०० दिवस, आठ माणसं, बहुतेक यंत्रं विजेवर. बँकेला अहवालात ‘उद्योगाची आकडेवारी’ हवी आहे. नेटवर बाजारवाढीचे टक्के भरपूर मिळतात, पण ते कुणी आणि कसे काढले याचा पत्ता नाही. गोव्यापुरते भरवशाचे आकडे कुठे मिळतील?

आकडेमोड
वाळपईकरबाब, ते टक्के अहवालात घालूच नका. आधी कोड ठरवा. एनआयसी २००८ मध्ये (उद्योगांच्या वर्गीकरणाची सरकारी यादी) तुमचा धंदा १०७९३ खाली येतो. आयात-निर्यातीला एचएस कोड (मालाचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) बघा: ०८०१३१ म्हणजे कवचासकट बी, ०८०१३२ म्हणजे कवच काढलेला गर. आपल्याकडे बी आयात होते आणि गर निर्यात होतो, त्यामुळे दोन्हींची बेरीज केली की तोच काजू दोनदा मोजला जातो.

उद्योगांची वार्षिक पाहणी, म्हणजे एएसआय, ही नोंदणीकृत कारखान्यांची; १९४८ च्या कारखाने कायद्यात त्यासाठीची मर्यादा मुळात वीज असेल तर १० कामगार, नसेल तर २० अशी होती. आठ माणसांचं युनिट त्यात येतच नाही. एएसआयमधली ‘दर कारखाना उलाढाल’ स्वतःला लावली तर विक्रीचा अंदाज भलताच फुगतो. तुमच्या आकाराला असंघटित उद्योगांची पाहणी बघा, एएसयूएसई. मात्र गोव्याचा नमुना लहान, म्हणून काजूपर्यंत खाली उतरू नका. राज्यातल्या एकूण उत्पादन उद्योगाचा दर कामगारामागचा आकडा घ्या आणि पुढे वर्ष लिहा.

उद्यम पोर्टलवरची (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीची) संख्या मालकांनी स्वतः भरलेली असते. बंद पडलेली युनिटं त्यातून आपोआप जात नाहीत, त्यामुळे स्पर्धक मोजायला ती कामाची नाही.

फोंडेकर
वरचं सगळं बरोबर, पण काजूत मांडणी कच्च्या मालापासून करायची. लागवड आणि उत्पादनाचे राज्यवार आकडे कोचीचं काजू व कोको विकास संचालनालय देतं. ते कच्च्या बीचे असतात, गराचे नव्हे. कितीतरी अहवाल इथेच चुकतात.

तुमचाच हिशोब करू. १०० किलो × ३०० दिवस = ३० टन सुकी बी. ताजी बी ओली असते. ओल १६ टक्क्यांवरून ९ वर आणली की १०० किलोचे सुमारे ९२ उरतात, म्हणजे विकत घ्यायची साडेबत्तीस टन. किलोला १५० रुपये धरले तर ४८ लाख ७५ हजार. आणि ही खरेदी मुख्यतः मार्च ते मे एवढ्यातच उरकायची. गर मात्र वर्षभर विकला जाणार. बँकेला हाच आकडा आधी दाखवा, कारण छोटी युनिटं यंत्राच्या किमतीपेक्षा खेळत्या भांडवलाला अडतात. बी नीट न सुकवता पोत्यात भरली तर पावसाळ्यात बुरशी धरते, आणि ते पैसेही बुडतात.

उतारा (बीतून निघणारा गर) २६ टक्के धरा: ३० टनांतून ७.८ टन गर. सगळा अख्खा निघत नाही. पाकळी (दोन भाग झालेला गर) आणि तुकड्याचा भाव वेगळा, म्हणून एकच सरासरी भाव लावू नका.

आणखी एक: हंगाम ३१ मार्चला मधोमध कापला जातो. मार्चची खरेदी एका आर्थिक वर्षात, एप्रिल-मेची दुसऱ्यात. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर आधी वर्षाची व्याख्या तपासा. भावासाठी गोवा बागायतदार या सहकारी संस्थेचे हंगामातले खरेदी दर तारखेसह उतरवून ठेवा.

वाळपईकर
मागणीचं काय? पर्यटकांची संख्या लावू का?

आकडेमोड
नको. २०२४ मध्ये १ कोटीच्या वर पर्यटक आले, पण त्यातल्या कितींनी काजू घेतला हे ती संख्या सांगत नाही. म्हापसा, पणजी, मडगाव बाजारातली वीसेक दुकानं फिरा. प्रत्येक पाकिटावरची प्रत, वजन, भाव, पॅकिंगची तारीख आणि १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक लिहून घ्या. पहिला अंक १ म्हणजे परवाना, २ म्हणजे लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे. माल किती बाहेरून येतो त्याचा अंदाज तिथेच येतो. डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० या अख्ख्या गराच्या प्रतींचे भाव वेगळ्या रकान्यांत ठेवा (अंक म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर). तीच दुकानं एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात बघा.