बंदुकीचं कपाट भिंतीला पक्कं कसं बसवायचं?

कोपरा_खोली:
पाच बंदुकांचं पोलादी कपाट आहे. उंची दीड मीटर, मागच्या पत्र्याला चार भोकं, प्रत्येक १२ मिमी. खोलीतली आतली भिंत साडेचार इंची, बाहेरची नऊ इंची, दोन्हींना गिलावा. आतल्या भिंतीत एक भोक पाडून पाहिलं. साधारण ४० मिमीनंतर ड्रिल एकदम आत घुसलं. १० मिमीचा अँकर फास्टनर घातला, तर नट आवळताना अख्खा बोल्टच जागच्या जागी फिरतो. शिवाय खाली स्कर्टिंग १२ मिमी पुढे आलंय, त्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही. लांब बोल्ट घेऊन काम होईल का?

ओळंबा:
नाही. आधी भिंत काय आहे ते ओळखा, बोल्टचं नंतर. ड्रिल घुसलं म्हणजे वीट पोकळ आहे. फास्टनर धरतो तो भोकाच्या कडेवर बाहेर दाब देऊन. पोकळ विटेत त्याला दाबायला फक्त बोटाएवढी जाड पाकळी मिळते. ती फुटली की बोल्ट गरगर फिरतो, मग तो कितीही लांब घ्या. काड्या किंवा सिमेंट कोंबून त्याच भोकाचा पुन्हा भरवसा धरू नका.

बाहेरची भिंत तपासा. ६ मिमी बिटने कपाटामागे लपतील अशा दोन-तीन जागी ११० मिमी खोल भोकं पाडा आणि भुग्याकडे लक्ष ठेवा. आधी करडा येईल, तो गिलावा. मग शेवटपर्यंत लाल आणि ड्रिलवर सारखा जोर, म्हणजे भरीव वीट. मध्येच पुन्हा करडा, रेताड भुगा आला आणि ड्रिल सैल चाललं, तर तुम्ही विटांमधल्या दर्जेत, म्हणजे सिमेंटच्या सांध्यात आहात. भोक पाडण्याआधी त्या जागेतून वायर किंवा पाण्याची नळी जात नाही याची खात्री करा. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळांच्या रेषेत ड्रिल लावूच नका.

सळई_बारा:
वरच्याशी सहमत. पण मला खरी काळजी त्या १२ मिमी फटीची वाटते. कपाट उखडणारा बोल्ट ओढत बसत नाही, तो फटीत पहार घालतो. फट ठेवून बोल्ट आवळलेत तर दुसरं नुकसानही आहे: मागचा पत्रा भिंतीकडे ओढला जातो, चौकट पिळते आणि दार कुलपापाशी अडकायला लागतं.

दोन उपाय. कपाटाच्या रुंदीएवढं स्कर्टिंग कापून काढा, हे उत्तम. ते जमत नसेल तर प्रत्येक बोल्टमागे १२ मिमी जाडीची, ६० बाय ६० ची पोलादी चकती द्या. लाकूड नको, कालांतराने आकसतं. कपाट कोपऱ्यात असं ठेवा की बिजागरीची नव्हे तर कुलपाची बाजू शेजारच्या भिंतीजवळ येईल. पहार बहुतेक वेळा कुलपाच्या बाजूनेच लागते. फक्त दार पूर्ण उघडून बंदूक बाहेर काढता येते ना, हे आधी मोजा.

कोपरा_खोली:
तपासलं. बाहेरच्या भिंतीत लाल भुगा, शेवटपर्यंत भरीव. गिलावा १५ मिमी. पण वरच्या डाव्या भोकाच्या जागी दर्ज येते. स्कर्टिंग काढता येणार नाही.

ओळंबा:
मग केमिकल अँकर करा, म्हणजे भोकात चिकटवणारं रसायन भरून त्यात आट्याची सळई बसवा. तो विटेला बाहेर ढकलत नाही, चिकटून धरतो, म्हणून कडेजवळ वीट तडकायची भीती कमी. दर्जेतलं भोक मात्र सोडून द्या. कपाटाच्या पत्र्यालाच ४०-५० मिमी सरकवून, विटेच्या मध्यावर येईल असं नवं भोक पाडा. कापलेल्या कडेला गंजरोधक रंग लावा आणि जुनं भोक बोल्ट-नटाने बंद करा.

आट्याच्या सळईची लांबी अशी धरा: विटेत ९०, गिलावा १५, चकती १२, पत्रा ३, वायसर ३, नट १०. झाले १३३, म्हणून १४० मिमी घ्या. गिलाव्याची पकड धरायची नाही. १० मिमी सळईला १२ मिमीचं भोक, गिलाव्याच्या पृष्ठापासून १०५ खोल. बिटला तेवढ्यावर चिकटपट्टी गुंडाळा.

भोक साफ करणं हेच निम्मं काम. फुंकणी, ब्रश, फुंकणी, असं निदान दोनदा. भुगा राहिला तर रसायन विटेला न चिकटता भुग्याला चिकटतं आणि सळई तशीच्या तशी बाहेर येते. रसायनाच्या नळीतून सुरुवातीला येणारं दोन रंगांचं मिश्रण टाकून द्या. एकसारखा रंग आला की तळापासून भरत या, दोन-तृतीयांश पुरे. सळई पिळत पिळत आत घाला. थोडं रसायन तोंडाशी आलं पाहिजे. आलं नाही तर आत पोकळी आहे, सळई काढून पुन्हा भरा.

कपाटाच्या भोकात सळईला एकेका बाजूला जेमतेम १ मिमी मोकळीक आहे. म्हणून पातळ प्लायवर चारही भोकं उतरवून घ्या, त्यावर चिकटपट्टी लावा आणि रसायन सुकेपर्यंत सळया त्यातून सरळ धरून ठेवा. सुकायचा वेळ पाकिटावरच्या तक्त्यात तापमानानुसार दिलेला असतो. तोवर नटाला पाना लावू नका.

सळई_बारा:
नट आतल्या बाजूला, खाली ४० मिमी व्यासाचा जाड वायसर. नुसत्या नटाखाली पत्रा फाटून निघू शकतो. आवळण्याआधी दोन्ही दिशांनी लेव्हल लावा. कपाट झुकलेलं असेल तर दार आपोआप उघडतं किंवा कुलूप घासतं. हे सगळं होईपर्यंत बंदुका आणि काडतुसं कपाटात नकोत. परवान्याच्या अटींप्रमाणे दुसरीकडे कुलपात ठेवा.

दमट_भिंत:
बाहेरची भिंत आहे म्हणून एक भर: पावसाळ्यात तिला ओल येत असेल तर कपाटाच्या पाठीला आतून दव धरतं आणि बंदुकीच्या नळीवर गंज चढतो. चकत्यांमुळे राहिलेली फट हवा खेळायला चांगलीच, पण पहार जाऊ नये म्हणून दोन्ही उभ्या कडांना पोलादी कोनपट्टी आतून बोल्ट करून लावा आणि तळाशी हवेला जागा ठेवा. आत ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या प्रकारच्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात.