रक्तातली साखर आटोक्यात, मग आईच्या लघवीत साखर 3+ कशी? पस सेल्सही आल्यात

मुक्काम_फलटण
नमस्कार. आईचं वय 61, नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. तपासणीचं एक पॅकेज घेतलं होतं. लॅबचा मुलगा सकाळी घरी येऊन रक्त आणि लघवीची डबी घेऊन गेला. रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर आला.

रक्ताचं ठीक दिसतंय: उपाशीपोटी साखर 128, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) 6.9, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) 0.9. लघवीच्या पानावर मात्र अर्धं पान जाड अक्षरांत आहे. साखर 3+, अल्ब्युमिन (प्रथिन) 1+, पस सेल्स 10-12, एपिथेलियल सेल्स 12-15, जंतू आहेत, नायट्राइट (जंतूंची एक खूण) निगेटिव्ह, लाल पेशी नाहीत.

आईला जळजळ नाही, ताप नाही, रात्री नेहमीसारखी एकदाच उठते. मेडिकलवाल्याने रिपोर्ट बघून "इन्फेक्शन आहे" म्हणत पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्यात. अजून सुरू केलेल्या नाहीत. आमचे डॉक्टर सोमवारी भेटतील. आई घाबरली आहे, तिच्या चुलत बहिणीचं डायलिसिस तिने जवळून पाहिलंय. हे आकडे कसे वाचायचे?

नीरेकाठची
दादा, काकूंना धणे-जिऱ्याचं पाणी द्या, भरपूर पाणी प्यायला लावा. माझ्या सासूबाईंच्या पस सेल्स त्यानेच गेल्या. अँटिबायोटिक मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लॅबमधली_ताई
मी कराडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रोज लघवीचे नमुने माझ्या हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही पस सेल्सपासून वाचायला सुरुवात केलीत. मी आधी एपिथेलियल सेल्स बघते. या पेशी बहुतेक वेळा बाहेरच्या त्वचेवरून आणि योनिमार्गातून येतात. 12-15 म्हणजे डबीत नुसती मूत्राशयातली लघवी नाही, बाहेरचंही मिसळलंय. त्याच वाटेने पांढऱ्या पेशी, म्हणजेच पस सेल्स, येतात, जंतू येतात, थोडं प्रथिनसुद्धा येतं. अशा नमुन्यावरून इन्फेक्शन आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. तो पुन्हा घ्यावा लागतो.

दुसरं, डबी सकाळी घेतली आणि रिपोर्ट संध्याकाळी आला. मधल्या वेळात ती कुठे होती? लघवी तास-दोन तासांत तपासायला हवी, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायला हवी. गाडीच्या पिशवीत उन्हात फिरली की जंतू वाढत जातात आणि पेशी विरघळायला लागतात. मशीन आणि सूक्ष्मदर्शक समोर आलेलंच दाखवतात. डबीचा प्रवास रिपोर्टवर छापला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यावरून माणसं गोळ्या खातात.

आता साखर. आई डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेतात का? पाकिटावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत बघा. मूत्रपिंडं गाळलेली साखर एरवी जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतात. ही औषधं ते ओढून घेणं अडवतात, म्हणून साखर लघवीवाटे जाते. ती गोळी चालू असताना लघवीत बुडवायच्या तपासणीच्या पट्टीवर 3+ येणारच. ही गोळी नसेल, तर साधारणपणे रक्तातली साखर 180च्या वर गेल्यावर लघवीत उतरते. त्यांचा एचबीएवनसी बघता मला गोळीचीच शंका आहे.

अँटिबायोटिकबद्दल नीरेकाठचींशी मी सहमत आहे. त्रास काहीच नसेल तर लघवीत नुसते जंतू सापडले म्हणून, मधुमेह असला तरी, सहसा औषध देत नाहीत. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण, यांची गोष्ट वेगळी. पण जळजळ, थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, यातलं काही दिसलं तर सोमवारची वाट बघू नका. आणि अँटिबायोटिक द्यायचंच ठरलं तर पहिल्या गोळीच्या आधी कल्चरचा (जंतू डिशमध्ये वाढवून बघायच्या तपासणीचा) नमुना द्या. गोळी पोटात गेल्यावर जंतू डिशमध्ये नीट वाढत नाहीत, मग कोणतं औषध लागू पडेल ते आम्हाला सांगता येत नाही.

धणे-जिऱ्याचं पाणी खुशाल द्या, फक्त तपासणीच्या आधी तांब्यावर तांबे पाणी पाजू नका. लघवी पातळ झाली की आकडेही पातळ होतात.

राहिलं अल्ब्युमिन. हे सोडू नका. 1+ भेसळीमुळे असू शकतं, तापाने किंवा दमवणाऱ्या व्यायामानेही तात्पुरतं येतं. पण नऊ वर्षांच्या मधुमेहात ते खरंही असू शकतं. पट्टीवर विसंबू नका, डॉक्टरांकडून 'एसीआर' लिहून घ्या. त्यात अल्ब्युमिनची तुलना क्रिएटिनिनशी होते, त्यामुळे लघवी घट्ट की पातळ याचा फारसा फरक पडत नाही. 30च्या खाली असेल तर चांगलं, 30 ते 300 म्हणजे मूत्रपिंडांवर ताण दिसतोय, त्याच्या वर असेल तर जास्त गंभीर.

मुक्काम_फलटण
ताई, पाकिटं बघितली. डापाग्लिफ्लोझिन 10 आहे! हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. लघवीतून साखर जाते तर गोळी बंद करायची का? आणि नमुना नीट कसा घ्यायचा? आईचे गुडघे दुखतात, ती खाली बसू शकत नाही.

लॅबमधली_ताई
मनाने बंद करू नका. ती गोळी मूत्रपिंडं आणि हृदय यांचं रक्षणही करते. तिथली जागा मात्र स्वच्छ, कोरडी ठेवायला सांगा, कारण लघवीतल्या साखरेमुळे बुरशीची खाज होऊ शकते. बायका हे लाजून सांगत नाहीत, तेव्हा बहिणीला किंवा बायकोला विचारायला सांगा. उलट्या होत असतील, जेवण जात नसेल किंवा ऑपरेशन असेल, तर ही गोळी थांबवायची का ते डॉक्टरांना लगेच विचारायचं.

नमुन्यासाठी कमोडवर बसून गुडघे लांब ठेवायचे. आधी साध्या पाण्याने पुढून मागे धुवायचं, पुसायचं. एका हाताने त्वचा बाजूला धरायची, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार डबीत घ्यायची. जवळ कुणीतरी थांबा. डबी लॅबचीच हवी, घरातली औषधाची बाटली नको. सकाळची पहिली लघवी घ्या आणि स्वतः लगेच नेऊन द्या.

आणि गुडघ्यांसाठी त्या काय घेतात? डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मूत्रपिंडांना त्या जड जातात.

मुक्काम_फलटण
ताई, सगळ्यांना कळावं म्हणून लिहितोय. नमुना पुन्हा दिला. एपिथेलियल सेल्स 1-2, पस सेल्स 2-3, जंतू नाहीत. मेडिकलच्या गोळ्या डॉक्टरांनी परत करायला लावल्या. पण एसीआर 64 आला. ईजीएफआर (मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा आकडा) 73 आहे. बीपी 146/88 निघालं, म्हणून टेल्मिसार्टन सुरू केलंय. गुडघ्यांच्या गोळ्या खरंच रोज चालू होत्या, त्या बंद केल्या, आता लागली तर पॅरासिटामॉल. आई विचारते, "म्हणजे माझंही बहिणीसारखंच होणार का?"

लॅबमधली_ताई
काकूंना सांगा, बहिणीच्या आणि त्यांच्या वाटेत फार अंतर आहे. 64 हा आकडा वेळेत सापडला, आणि या टप्प्यावर साखर, बीपी आणि औषधं सांभाळली तर तो खाली आणता येतो. शिवाय एका एसीआरवर शिक्का मारत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तरच ते पक्कं धरतात. तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या, त्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं. बीपीसाठी म्हणून कुणी 'लो सोडियम' मीठ आणायला सांगेल. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. नेहमीचंच मीठ कमी वापरा. लोणचं-पापड ताटातून काढायला आई तयार नसतील तर मला सांगा, मी फोनवर बोलेन त्यांच्याशी.