रोजच्या वापरासाठी परवडणारा छोटा कॅमेरा: तुमचा अनुभव काय?

फोन सगळ्यांच्या हातात असूनही एक वेगळा छोटा कॅमेरा रोज सोबत असावा असं वाटणारे पुन्हा वाढले आहेत. मी त्यातलीच एक. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात आले, आणि त्यातले बहुतेक खिशात मावणारेच होते. पुढे फोनने त्यांची जागा घेतली. कंपन्यांनी स्वस्त मॉडेलं एकामागून एक बंद केली, कॅसिओने तर २०१८ मध्ये या कॅमेऱ्यांचा व्यवसायच गुंडाळला. त्यामुळे आज कमी बजेटमध्ये शोधायला गेलं की मोजके नवे कॅमेरे दिसतात आणि वापरलेल्यांचा भलामोठा बाजार.

माझं मत सरळ आहे. मेगापिक्सेल किती आणि झूम किती पट, हे नंतर बघावं. आपण कशाचे फोटो काढतो आणि त्या वेळी उजेड किती असतो, हे एकदा ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. म्हणून नुसतं 'अमुक मॉडेल घ्या' असं न लिहिता, कोणत्या कामाला कॅमेरा घेतला आणि तो पुरला का, ते लिहा. सुरुवात मी करते.

घरात लहान मूल आहे. फोटो काढायचे ते बहुतेक संध्याकाळनंतर, दिव्याच्या उजेडात, आणि मूल क्षणभरही एका जागी थांबत नाही. आधीचा कॅमेरा बाहेर छान चालायचा, घरात मात्र चेहरा पुसट यायचा. त्यात स्टॅबिलायझेशन होतं, पण ते आपला हात हलला तर सावरतं. समोरचं मूल हललं तर त्याचा काही उपयोग नाही. तिथे शटरचा वेग लागतो, निदान १/२०० सेकंद, आणि तेवढ्या वेळात पुरेसा उजेड आत यायला हवा. बहुतेक स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये १/२.३ इंची म्हणवला जाणारा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) असतो, तो प्रत्यक्षात साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. 'एक इंची' सेन्सर असतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. क्षेत्रफळ चौपट झालं, म्हणजे उजेडही तेवढा जास्त गोळा होतो.

म्हणून सोनीचा आरएक्स१००, २०१२ साली आलेली पहिली आवृत्ती, वापरलेला घेतला. त्याचं भिंग झूम न करता एफ/१.८ आहे (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). पूर्ण झूम केलं की तेच एफ/४.९ होतं, म्हणजे उजेड जेमतेम सातवा हिस्सा उरतो. त्यामुळे घरात मी झूमला हात लावत नाही, दोन पावलं पुढे जाते. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १६०० ला नेली की फोटोत थोडे कण दिसतात, पण डोळे स्पष्ट येतात. मला तेच हवं होतं.

* * *

मी निवृत्त आहे. सकाळी फिरताना रानफुलं आणि झाडांच्या साली टिपतो. माझी बोटं कोरडी पडतात, टचस्क्रीन त्यांना दाद देत नाही, त्यामुळे खरीखुरी बटणं असलेला कॅमेरा हवा होता. दुसरी अट पेन्सिल सेलची. कंपनीची खास बॅटरी काही वर्षांनी मिळेनाशी होते, एए सेल मात्र सगळीकडे मिळतात.

कोडॅक पिक्सप्रो एफझेड४५ घेतला. नाव कोडॅकचं असलं तरी परवाना घेऊन हे कॅमेरे जेके इमेजिंग ही कंपनी आणते. साधा कॅमेरा आहे, पण माझ्या कामाला पुरतो. सेलबद्दल एक सांगतो: साधे अल्कलाइन सेल कॅमेऱ्यात फार लवकर मान टाकतात, कारण कॅमेरा एकदम जास्त वीज ओढतो. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल बरेच जास्त टिकतात.

फुलासाठी फुलाच्याच चिन्हाचा मोड लावतो आणि झूम पूर्ण मागे ठेवतो. ऊन कडक असेल तर स्वतःची सावली फुलावर पाडतो आणि दुसऱ्या हाताने पांढरा कागद बाजूला धरतो. पाकळ्यांच्या शिरा लगेच उठून दिसतात.

* * *

झूम नंतर बघावं हे मला पटलं नाही, ताई. मी पक्षी बघते. फांदीवरच्या पक्ष्याकडे दोन पावलं पुढे जायची सोय नसते.

पॅनासॉनिकचा टीझेड९० वापरते, २०१७ चं मॉडेल. ३० पट ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगाचा खरा झूम, आणि तरी कोटाच्या खिशात बसतो. सेन्सर लहानच आहे आणि पूर्ण झूमला भिंग एफ/६.४ होतं. म्हणून ढगाळ संध्याकाळी तो बाहेर काढतच नाही. सकाळच्या उन्हात मात्र पिसांची रेघ न् रेघ मिळते. यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे छोटासा व्ह्यूफाइंडर, डोळा लावून बघायची खिडकी. उन्हात स्क्रीन काही केल्या दिसत नाही, आणि डोळ्याला लावलेला कॅमेरा हात लांब करून धरलेल्यापेक्षा कितीतरी स्थिर राहतो. लांब झूमचा कॅमेरा घेणाऱ्यांनी व्ह्यूफाइंडर आहे का ते आधी बघावं.

डिजिटल झूमचे आकडे कोणी सांगितले तर कानाआड करा. तो फोटो कापून मोठा करतो, नवा तपशील काही मिळत नाही.

* * *

माझ्याकडे कॅननचा जुना इक्सस आहे, सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरवाला. रात्री मित्रमंडळी जमली की हाच काढतो. फ्लॅश मारला की चेहरे लख्ख, मागे काळोख, आणि रंग फोनपेक्षा वेगळे. सगळे म्हणतात ही सीसीडीची जादू.

* * *

सीसीडीबद्दल थोडं. मी कॅमेरे दुरुस्त करतो, त्यामुळे जुने सीसीडी आणि आताचे, दोन्ही प्रकारचे सेन्सर रोज हाताखालून जातात. रंग कसे दिसणार हे बरंचसं कॅमेऱ्याच्या आतली प्रक्रिया ठरवते. त्या काळातले कॅमेरे सावल्या उचलत नसत, अनेक फोटो एकत्र करत नसत, म्हणून चित्र ठसठशीत दिसतं. आणि तुमच्या फोटोंचं खरं श्रेय झेनॉन फ्लॅशला आहे. बहुतेक फोनमध्ये एलईडी असतो, तो नुसता दिवा. झेनॉनचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो, त्यात नाचणारा माणूससुद्धा थिजतो. अंधारात माणसांचे फोटो काढायचे असतील आणि बजेट कमी असेल, तर झेनॉन फ्लॅशचा साधा कॅमेरासुद्धा महागड्या फोनला भारी पडतो.

वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यांसाठी, मी स्वतः हातात घेतल्यावर काय बघतो ते लिहितो.

आधी कान लावतो. कॅमेरा चालू-बंद करायचा, झूम पूर्ण पुढे-मागे न्यायचं. भिंग एका दमात बाहेर यायला हवं. वाळू चावल्यासारखी करकर ऐकू आली तर तो कॅमेरा तिथेच ठेवा, कारण या कॅमेऱ्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे भिंगाच्या नळ्यांत गेलेली वाळू. एक दिवस भिंग अर्ध्यात अडकतं आणि स्क्रीनवर लेन्स एरर येतो. स्वस्त कॅमेऱ्यात त्याची दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीच्या घरात जाते.

मग भिंगावर टॉर्च तिरकी मारतो. एखाददुसरा धुळीचा कण चालेल, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास सापडते आणि काच कोरत जाते. त्यानंतर मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो, झूम पूर्ण पुढे नेऊन. कुठे राखाडी डाग दिसला तर धूळ सेन्सरवर आहे, आणि कॉम्पॅक्टमध्ये सेन्सर पुसायला अख्खा कॅमेरा उघडावा लागतो.

बॅटरीच्या झाकणाची खिटी नखाने हलवून बघा. ती तुटली की झाकण टेपने चिकटवून फिरावं लागतं. बॅटरी टेबलावर सपाट ठेवून बोटाने फिरवा. गरगर फिरली तर फुगली आहे.

आणि कार्ड! याबद्दल विक्रेते गप्प बसतात. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, त्यापुढे एसडीएक्ससी. एसडीएचसी २००६ मध्ये आलं, त्याआधीच्या कॅमेऱ्यात आजचं कार्ड घातलं तर तो ते ओळखतच नाही. जुन्या ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक. एक्सडी कधीच बंद झालं. कॅमेरा फुकट मिळाला तरी आधी कार्ड हाताशी आहे का ते विचारा.

* * *

वरच्या दादांनी वाळूचं लिहिलं ते अगदी खरं. माझं काम बांधकामाच्या जागेवर, दिवसभर धूळ आणि पाणी. मी ऑलिम्पस टफ टीजी-६ वापरतो. झूम होताना भिंग बाहेर येतच नाही, सगळी हालचाल आत, त्यामुळे वाळूला शिरायला वाटच नाही. पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो. सेन्सर लहान, पण झूम न करता भिंग एफ/२ आहे, अंधाऱ्या तळघरातही निभावतं. एकच काळजी घेतो: झाकण लावताना आतल्या रबरी पट्टीवरून बोट फिरवतो. एक केस जरी तिथे अडकला तरी पाणी आत येतं.

* * *

मी थोडक्यात लिहिते. माझा निकष वजनाचा. पर्समध्ये जड वाटणारा कॅमेरा घरीच राहतो, आणि घरी राहिलेल्या कॅमेऱ्याने फोटो निघत नाहीत. वापरलेला घेताना कंपनीच्या फोन ॲपवर विसंबू नका, जुन्या मॉडेलांचा आधार काढून घेतला जातो. फोनला लागणारा छोटा कार्ड रीडर घ्या. नवा घेत असाल तर यूएसबी-सी चार्जिंग बघा. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या डिजिटल कॅमेऱ्यांना ते बंधनकारक झालं आहे, त्यामुळे इथून पुढच्या मॉडेलांमध्ये वेगळी केबल सांभाळावी लागणार नाही.

* * *

सगळ्यांचे आभार. पक्ष्यांच्या बाबतीत झूमबद्दलचं म्हणणं मान्य, तिथे उजेडही असतो आणि अंतरही. फक्त घरातल्या फोटोंसाठी झूमचा आकडा बघून कोणी घेऊ नये, एवढं मी धरून ठेवते.

माझ्या बहिणीने आजच कॅमेरा घेतला, लहान सेन्सरचा, नवा. फोटोतलं तिला काहीच माहीत नाही. पहिल्या दिवशी तिने काय काय लावून घ्यावं?

* * *

दुरुस्तीवाला पुन्हा एकदा. आधी तारीख आणि वेळ, नाहीतर वर्षभराने फोटो शोधताना फार त्रास होतो. डिजिटल झूम बंद. आयएसओ ऑटोवरच राहू द्या, पण वरची मर्यादा लावता येत असेल तर ८०० वर ठेवा. फ्लॅश ऑटोवर नको, तो आपल्या हाताने चालू-बंद करायचा. मग बटण अर्धं दाबायला शिकवा: अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस धरून ठेवतो, चौकट हिरवी होते, आणि उरलेलं दाबल्यावर फोटो जवळजवळ तत्क्षणी निघतो. छोटा कॅमेरा संथ आहे अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण ते बटण एकदम खालपर्यंत दाबत असतात.